हा रविवार तुमचा

...नाही, मला एक सांगा, एखाद्या बाईनं महिनोन्‌महिने खपून ॲप बनवावं, समोरच्या म्हाताऱ्यानं पहिल्याच सकाळी त्याचे बारा वाजवावेत, आणि बाईनं रडायचं सोडून काय म्हणावं? तर, "विल्मार, हे अपयश नाही, हा निष्कर्ष आहे."

ही फिओरेला. माझी बायको. माहिती प्रणालीत डॉक्टरेट करत होती, आणि त्यातही डिझाइन सायन्स. म्हणजे तुम्हाला सांगतो, बाकीचे संशोधक जग आहे तसं बघतात आणि लिहितात. ही मंडळी आधी एक वस्तू बनवतात, लोकांच्या गळ्यात मारतात, लोक तिचं काय करतात ते बघतात, मग मोडून पुन्हा बनवतात, पुन्हा गळ्यात मारतात... आणि गळे कुणाचे? तर आमच्याच सोसायटीचे.

आता आमची मोन्तेविदेओ शहरातली सोसायटी आम्हीच बांधलेली. विटा मिळून वाहिल्या, भिंती मिळून रचल्या, आणि भांडायचो कशावरून? अंगणातल्या मांस भाजायच्या जाळीवरून! जाळी एक, घरं ढीगभर. जो आधी लाकडं पेटवेल त्याचा रविवार. म्हणून लोक उजाडायच्या आत काडेपेटी घेऊन थंडीत कुडकुडत उभे. डोन्या निल्दा, म्हणजे निल्दाबाई, आणि म्हातारा वॉशिंग्टन, दोघांचं दार समोरासमोर, पण जाळीपायी कित्येक वर्षं बोलणं बंद.

फिओरेला म्हणाली, "ही माझी समस्या."

मी म्हटलं, "अगं, ती सगळ्यांचीच आहे."

"तशी नाही रे. संशोधनाची. खरी, जिवंत समस्या." इतक्या प्रेमानं ती माझ्याकडे कधी बघत नाही हो.

झालं पहिलं ॲप. बटण दाबा, रविवार राखून ठेवा. वॉशिंग्टन निवृत्त पोस्टमन, पहाटेच उठायची सवय. इतरांचे डोळे उघडेपर्यंत वर्षाचे सगळे रविवार त्याच्या नावावर. मी जाब विचारायला गेलो, तर 'माते' नावाच्या आमच्या कडू चहाच्या पेल्यातली नळी तोंडातून न काढता म्हणतो, "बटण हिरवं होतं बाबा. हिरवं होतं तोवर दाबलं." आणि ही? हे अपयश नाही, हा निष्कर्ष आहे!

दुसरं ॲप. माणशी ठरावीक रविवार, जास्त नाही. तर घराघरात माणसं वाढायला लागली... तान्ह्या बाळाचं खातं, डोन्या निल्दाच्या मांजराचं खातं.

"निल्दा, मांजर सभासद नाहीये हो."

"पोरी, तुझ्या ॲपनं विचारलं का मला, पाय किती म्हणून?"

नव्हतं विचारलं. हाही निष्कर्ष.

मग तिसरं. सोडत. दर आठवड्याला फोनच चिठ्ठी काढणार, ज्याची निघेल त्याला कळवणार. आणि पहिल्याच सोडतीला तिचे परीक्षक येणार, ओद्रिओसोला सर, ॲप प्रत्यक्ष चालताना बघायला. सरांना पटलं तर डॉक्टरेट, नाही तर इतकं सगळं पाण्यात. ही शांत, मी मात्र दोनदा शर्ट बदलला.

रविवारी दार उघडतो तर काय... अख्खी सोसायटी अंगणात. प्रत्येकाच्या हातात मांसाची परात, प्रत्येकाच्या फोनवर एकच निरोप, 'अभिनंदन! हा रविवार तुमचा.' सोडत अशी चुकली होती की सगळ्यांचीच चिठ्ठी निघाली! फिओरेला पांढरीफटक. मी धीर द्यायला म्हटलं, "अगं, हे अपयश नाही, हा..."

"गप्प बस, विल्मार."

पहिल्यांदा तिच्या डोळ्यात पाणी बघितलं मी. आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, वॉशिंग्टननं शेजारी बघितलं. शेजारी निल्दा.

"तुलाही आला निरोप?"

"आला की."

"काय भंगार ॲप आहे."

"भंगारच," निल्दा म्हणाली, "सरक जरा." आणि जाळीवर त्यानं ठेवलेल्या मांसाशेजारी तिनं आपली सॉसेजेस मांडली.

कित्येक वर्षांनी बोलले हो! मग काय, टेबलं जोडली, वाइन उघडली, ॲपला शिव्या द्यायच्या म्हणून जे कधी एकत्र बसले नव्हते तेही बसले. सरांच्या हातात कुणीतरी ताट दिलं. सर म्हणाले, "हे असं व्हावं असं तुम्ही योजलं होतं?"

मी तिला कोपरानं ढोसलं, हो म्हण, हो म्हण. ही सरळ म्हणाली, "नाही सर. चूक झाली. माझीच."

सरांनी घास सावकाश गिळला. "मग दुरुस्त करू नका. आधी समजून घ्या, का जमलं ते. मग लिहा."

लिहिलं तिनं. झाली डॉक्टर. आता दर रविवारी सगळ्यांना तोच निरोप जातो, सगळे जमतात, भांडणाचं नाव नाही. फक्त एक नवी अडचण निघाली... रविवार सगळ्यांचा, तर आगीपुढे उभं कोण राहणार? फिओरेलानं लगेच चौथं ॲप केलं, भाजणारा निवडायचं. फार साधं आहे. त्यात नाव एकच.

शेवटी सगळे भाजणाऱ्यासाठी टाळ्या वाजवतात, रीतच आहे आमच्याकडे. मी धुरानं लाल झालेले डोळे पुसतो, मान लववतो, ताट घेऊन टेबलाशी जातो... आणि तोवर शिल्लक काय असतं? कोशिंबीर.