अठ्ठ्याऐंशी पॉइंट पाच

उदयसिंह : तिसऱ्यांदा पुकारलं, क्रांती. बटण दाबलं की लाल दिवा लागतोय, समद्यांचं बोलणं झ्याक ऐकू येतंय, आणि माझं कुणाला जाईना. काल तुझ्याकडं टाकला तवा तर बोलत हुता की ह्यो वायरलेस सेट.

क्रांती : काल बटणं अडकत होती, ती साफ केली. मग कॉम्प्युटरला जोडून चॅनेल नव्यानं भरले. अजून एकदा पुकारा बघू, दादा. क्लबाची रविवारची हजेरी चाललीय, सगळे आपापल्या सेटावर असतील.

उदयसिंह : हाईत की. अनुजा घेतीया हजेरी. हातकणंगले झालं, गारगोटी झालं. आणि आता काय म्हणाली ऐकलंस? अध्यक्ष आज हजर न्हाईत, फुडं जाऊया. अगं, अध्यक्ष हितं तुझ्या स्टुलावर बसलाय.

क्रांती : सगळं ऐकू येतं, पण आपण आहोत हे सांगता येत नाही. कसं वाटतं?

उदयसिंह : कसं वाटायचं? डोस्कं फिरतंय. टोन कुठला घातलास?

क्रांती : अठ्ठ्याऐंशी पॉइंट पाच.

उदयसिंह : मग बोंब की. आपला रिपीटर एकशे तीन पॉइंट पाचला उघडतो. बोलताना सेटानं त्यो बारका सूर बरोबर सोडला, तरच डोंगरावरचा रिपीटर आवाज उचलून जिल्हाभर धाडतो. सूर चुकला म्हंजे बंद दाराभाईर बसून वरडणं. क्लबाचं समदं काम मी तुला दिलंय, आणि तुला मी ह्ये शिकवू व्हय?

क्रांती : मला माहीत आहे, दादा. महापुराच्या आधी ह्यांच्या सेटात टोन मीच भरला होता. ह्यांनी आकडा सांगितला, मी घातला. अठ्ठ्याऐंशी पॉइंट पाच. हे गेले. मग मी शिकले, परीक्षा दिली, वायरलेसचं लायसन्स काढलं, आणि पहिल्याच दिवशी कळलं की आकडा वेगळाच आहे. त्या दिवसापासून धरून चाललेय, नवरा माझ्या हातानं गेला.

उदयसिंह : आसं बोलू नये. आकाराम पाण्यानं गेला.

क्रांती : सहा वर्षं मंगळवार अळणी करतेय. देवीला सांगितलं, आकडा माझा चुकला, माझ्या ताटाला मीठ नको. आणि काल तुमचा सेट उघडला, तर सगळ्यात शेवटी एक चॅनेल. रिपीटर हाच. नाव ‘जुना’. टोन अठ्ठ्याऐंशी पॉइंट पाच.

उदयसिंह : पडून राह्यलं असंल. कोण पुसत बसतंय.

क्रांती : पुसलं नाही ते बरं झालं. टोन पुराच्या आधी बदलला की नंतर, एवढंच सांगा.

उदयसिंह : आता इतक्या वर्षांनी...

क्रांती : दादा.

उदयसिंह : आधी. चार दिस आधी. पर का बदलला त्ये बी ऐकून घे. तुझा नवरा सेट खोलायचा, आतला एक बारका तुकडा उपसायचा, की सेटाला कुठल्याबी लहरीवर मोकळं रान. आणि वस्तीवरच्या बिनलायसन्सवाल्यांच्या हातात द्यायचा. मी दहादा सांगितलं, आकाराम, उद्या तपासणी आली तर क्लबाला कुलूप लागंल. त्यो हसायचा. म्हणायचा, पाणी आल्यावर लायसन्स बघून हाक मारायची व्हय? म्हणून टोन बदलला, आणि त्येला सोडून बाकीच्यांना फोन करून सांगितलं. आठ दिस गप बसंल, मग ईल माझ्याकडं, एवढाच हिशेब. आठ दिसांत नदी ईल, ह्ये कुणाला ठावं?

(आतल्या खोलीचा पडदा सरतो. अंबूबाई दुसरा एक सेट पदरात धरून दारात उभ्या राहतात.)

अंबूबाई : क्रांते, ह्योच त्यो आवाज.

क्रांती : नीट ऐकलंत ना, आत्ती?

अंबूबाई : त्यो पुकारत हुता तवा येकदा न्हाय, तीनदा ऐकलं. तोंडानं बोलतोय त्यो आवाज येगळा लागतोय, पर सेटातला त्योच. पुरात दोन दिस गोठ्याच्या पत्र्यावर ह्योच ऐकत हुतो आमी.

उदयसिंह : ह्या कोण?

क्रांती : ह्यांच्या आई. कोडोलीला लेकीकडं असतात, काल बोलावून घेतलं. तुमचा सेट बोलेल ते थेट पकडेल असा दुसरा सेट आत त्यांच्याजवळ ठेवला होता. रिपीटरला ऐकू गेलं नाही, पण ह्यांना गेलं.

अंबूबाई : वस्तीवर अकरा माणसं हुतो. दुसऱ्या दिशी होडी दिसली, उसाच्या शेंड्यांवरनं येताना. माझं लेकरू सेटात वरडून वरडून घसा बसलेलं. आन् ह्यो सेटावरनं होडीवाल्यांना म्हणतोय, पल्याडच्या वस्तीवरनं हाक न्हाय, म्हंजे समदी निघाली, होडी दुसरीकडं वळवा. वळली होडी. त्यानं सेट माझ्या वट्यात टाकला आन् तिला गाठाया उडी घातली.

उदयसिंह : मावशी, शपथ घेऊन सांगतो, मला वाटलं वस्ती रिकामी हाय.

क्रांती : आणि टोनची आठवण कधी झाली?

उदयसिंह : त्याचं काय आता.

क्रांती : कधी झाली, दादा?

उदयसिंह : ...होडी वळल्यावर. थोड्या येळानं.

क्रांती : तेव्हा बोलला का नाहीत?

उदयसिंह : होडी माघारी बोलवली असती तर का बोलवली त्ये सांगाय लागलं असतं. समदी ऐकत हुती. सरकारी माणसं शेजारी बसलेली.

अंबूबाई : सोडू नगंस ह्येला. ह्येचा सेट आसाच मुका ठेव. फुडच्या पुरात ह्येला बी पत्र्यावर बसू दे.

क्रांती : मलाही काल तेच सुचलं, आत्ती. देवापुढं वात लावतानाही मनात हेच. पण तसा माणूस मारायची विद्या दादांची. आणि दादांना मुकं ठेवून माझं पोट भरायचं नाही. ह्या गोष्टीवर सहा वर्षं ते मुकेच आहेत. द्या तो सेट इकडं.

उदयसिंह : काय करतीयास?

क्रांती : केबल लावली. एकशे तीन पॉइंट पाच भरतेय. झालं. घ्या. आता अख्खा जिल्हा ऐकेल. जे आम्हा दोघींना सांगितलंत ते तिथं सांगा. टोन, फोन, होडी. आणि माझ्या नवऱ्याचं नाव पूर्ण घ्या.

उदयसिंह : येत्या शुक्रवारी माझा सत्कार हाय, पूरसेवेचा. आणि संयोगिता, माझी नात, ती बी हाय आत्ता हजेरीला. तिला मीच बोट धरून शिकवलंय गं.

क्रांती : माहीत आहे. तिचा सेटही मीच भरलाय. ती रविवार चुकवत नाही, म्हणून तर तुम्हाला आज, ह्या वेळेला बोलावलं.

उदयसिंह : आणि न्हाय बोललो तर?

क्रांती : तर मी बोलेन. लायसन्स माझंही आहे. पण मी बोलले तर तुम्हाला त्यावर काहीतरी सांगता येईल, रागानं बोलली, विधवा बाई आहे, असलं. मला ते नकोय. मला तुमचा आवाज हवाय.

अंबूबाई : बटण दाबलं आन् सोडलं बघ त्येनं.

उदयसिंह : अनुजा विचारतीया, आत्ता कुणी बटण दाबून सोडलं म्हणून.

क्रांती : मग सांगा तिला. आणि बटण घट्ट धरा, दादा. मधेच सुटलं तर पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल.