ठरावाच्या वेळी आई बाहेर

(स्वयंपाकघर. नगरसेविका असलेली आई वॉर्डातल्या लोकांसाठी महिन्याचा निरोप रेकॉर्ड करते आहे. फोन लेकीच्या हातात.)

लेक : थांब, थांब. परत 'तमाम बंधू-भगिनींनो' म्हणालीस. आपल्या गल्लीतली माणसं आहेत गं ती, लाखोंची सभा नाहीये.

आई : तोंडात बसलंय ते. बरं, चालू कर. "नमस्कार. तुमची नगरसेविका बोलतेय. या महिन्यात नाल्याच्या काठाची सफाई झाली. जे राबले त्यांचे आभार. जे नुसते फोटोपुरते आले त्यांचेही आभार, पुढच्या वेळी झाडू धरा."

लेक : आई! मतं जातील.

आई : झाडू न धरणाऱ्याचं मत मला मिळालंच कधी होतं? पुढे ऐक. "शाळेसमोरचं झेब्रा क्रॉसिंग मंजूर झालंय. सोमवारी रंग लागेल. गाडीवाल्यांनो, शाळा सुटताना जरा दमानं घ्या. उशिरा पोहोचलात तर घरचे ओरडतील, पण पोहोचाल. आणि रविवारी प्राइडची मिरवणूक मुख्य रस्त्यानं निघेल, तेव्हा बस मागच्या रस्त्यानं जातील. सर्वांना शुभेच्छा." झालं. बंद कर.

लेक : झालं?

आई : आणखी काय हवं?

लेक : बस कुठून वळणार ते सांगितलंस. तुझी स्वतःची मुलगी त्या मिरवणुकीत चालणार, ते नाही सांगितलंस.

आई : तू कुठं म्हणालीस, सांग म्हणून?

लेक : सगळं मीच म्हणायचं का? पेंटर आणि मी एका घरात संसार करतोय, आई. इतकी वर्षं झाली आणि तू अजून तिला 'मुलीची मैत्रीण' म्हणतेस. भाडेकरू असल्यासारखं.

आई : आणि ते 'मैत्रीण' मला शिकवलं कुणी? दारात उभी राहून तूच म्हणालीस, 'आई, ही माझी मैत्रीण, दुकानांच्या पाट्या रंगवते.' मी म्हटलं, ये बाई. तू जे सांगितलंस तेच मी धरून बसले.

लेक : घाबरले होते गं मी तेव्हा.

आई : मग तुझी भीती गेली की आहे अजून, हे मला कसं कळणार?

लेक : ते राहू दे. मला राग वेगळाच आलाय. त्या क्रॉसिंगसाठी दोन वर्षं सगळ्यांची डोकी खाल्लीस. आणि ऐन ठरावाच्या वेळी उठून बाहेर? आपल्या गल्लीतला मिस्त्री सभागृहाबाहेर सामान उतरवत होता, त्यानं बघितलं तुला. एका मतानं वाचलं ते काम!

आई : जावंच लागतं बाहेर.

लेक : का? रंगकामाच्या टेंडरवर पेंटरचं नाव दिसलं म्हणून? लाज वाटली?

आई : काहीतरीच काय बोलतेस! नियम आहे तसा. काम घरच्या माणसाला मिळणार असेल तर मत द्यायचं नाही. उभं राहायचं, कारण सांगायचं आणि बाहेर जायचं.

लेक : घरचं माणूस? बाबांनी भरलं होतं की काय टेंडर?

आई : तुझ्या बाबांनी? त्यांनी फाटक रंगवलं तेव्हा कुत्रा हिरवा झाला होता.

लेक : मग कोण?

आई : अध्यक्षांनीही हेच विचारलं. भर सभेत. मी म्हटलं, 'सगळ्यांत कमी दर भरलाय ना, ती पाट्या रंगवणारी? ती माझी सून.' समोरच्या बाकावरचे टकले आजोबा म्हणतात कसे, 'बाई, तुम्हाला तर मुलगाच नाही!' म्हटलं, 'मुलगी आहे ना चांगली धडधाकट.' आणि गेले बाहेर. ठराव पडला असता तर ती चिमुरडी पोरं पुन्हा तशीच गाड्यांच्या मधून पळाली असती. नुसती रुमाल पिळत बसले होते.

लेक : आई…

आई : रडू नकोस, फोन भिजेल.

लेक : मला का नाही सांगितलंस?

आई : कुठल्या तोंडानं? सगळ्या सभेला सांगून बसले आणि तुलाच विचारलं नव्हतं. म्हटलं, पोरगी म्हणेल, तू कोण परस्पर सून करून घेणारी?

लेक : मी असं म्हटलं असतं?

आई : म्हटलं असतंस. माझ्याच पोटची ना तू.

लेक : हं. परत बोल. मिरवणुकीपासून. चालू केलाय.

आई : "रविवारी प्राइडची मिरवणूक आहे. बस मागच्या रस्त्यानं जातील. माझी लेक आणि सून चालणार आहेत, मीही बरोबर असेन. नाल्याची, रस्त्याची काही तक्रार असेल तर तिथंच गाठा, चालता चालता ऐकेन. आणि हो, क्रॉसिंग रंगवणार आहे ती माझी सूनच. रंग वाळेपर्यंत कुणी पाय ठेवला तर गाठ माझ्याशी."

लेक : पाठवू?

आई : पाठव. बघतेस काय?

पेंटर : काकू, शिडी मागं ठेवलीय हं. दार उघडंच होतं म्हणून आले आत. अगं, तू रडतेस का? काय झालं हिला, काकू?

लेक : काही नाही गं.

आई : काही नाही कसं? सांगेल ती सावकाश. तू आधी हात धू, कोपरापर्यंत रंग आहे. आणि हे बघ, ते काकू-काकू पुरे झालं आता.

पेंटर : मग काय म्हणू?

आई : ही मला काय म्हणते, ते रोज ऐकतेसच की.