एमाजेन ओढ्यावरून गेलेली गाडी

ठिकाण: वुजल वुजल पोलीस ठाणे, उत्तर क्वीन्सलंड
दिनांक: १४ सप्टेंबर २०१९, सायंकाळी ४ वाजून ५० मिनिटे

नाव: ओर्नेला पाइक, माहेरचे आडनाव बेल्ट्रामे
वय: ४६ वर्षे
धंदा: आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये मुकादम
राहणार: मरीबा

मी ठाण्यात हजर राहून, विचारलेले आणि काही न विचारलेलेही सांगते की, वरील गावी मी, नवरा ब्रेट, मुलगी डेला (वय १३) आणि माझे वडील सिल्व्हानो बेल्ट्रामे (वय ७९) एकत्र राहतो. आज दुपारी २ वाजून १० मिनिटांनी मी फोनवरून या ठाण्यात दोन खबरी दिल्या होत्या. एक, आमची गाडी चोरीला गेली. दोन, माझे वडील बेपत्ता आहेत. त्या दोन्ही खबरी मला मागे घ्यायच्या आहेत.

आजची सहल माझ्या सांगण्यावरून ठरली. वडिलांनी तरुणपणी या डोंगरांतून लाकडाचे ट्रक चालवले आहेत. मार्च महिन्यात त्यांचा वाहन परवाना रद्द झाला. तेव्हापासून ते घराबाहेर पडत नव्हते.

सकाळी साडेपाचला आम्ही मरीबाहून निघालो. गाडी चारही चाकांना जोर असलेली, डिझेलवरची, ब्रेटच्या नावावर आहे. पामर नदीवर चहा आणि मटण पॅटिस घेतले. तिथपर्यंत सगळा उघडा मुलूख, वारुळे आणि लाल धूळ. साडेनऊच्या सुमारास आम्ही याच वुजल वुजलवरून पुढे गेलो आणि जंगलातला कच्चा रस्ता धरला. मध्ये दोन मोठे घाट आहेत. घाट उतरताना पुढीलप्रमाणे बोलणे झाले.

वडील म्हणाले, "अरे ब्रेट, ब्रेकला कशाला छळतोस? इंजिन धरून ठेवतंय ना तिला."

ब्रेट म्हणाला, "पापा, गाडी मी चालवतोय."

"तेच तर दुखणं आहे."

भांडण झाले नाही. डेला हसली. वडील कित्येक महिन्यांनी इतके बोलत होते, म्हणून मी मध्ये पडले नाही.

अकराच्या सुमारास एमाजेन ओढ्यावर पोहोचलो. ओढा न ओलांडता गाडी अलीकडच्या काठावर सावलीत लावली. तिथे एक जुनी गाडी बॉनेट उघडून उभी होती. तिच्याजवळ इथल्याच यलांजी या आदिवासी समाजाच्या एक बाई होत्या, त्यांना सगळे मर्टलमावशी म्हणतात, आणि त्यांची नात टालिशा, वय ८. गाडीचा पट्टा तुटला होता. मावशींचा मुलगा नवीन पट्टा घेऊन येणार होता. आम्ही त्यांना ब्रेड आणि सलामी दिली, त्यांनी आम्हाला शिजवलेले खेकडे दिले. वडिलांनी मावशींना ट्रकच्या गोष्टी सांगायला घेतल्या. मावशी म्हणाल्या, "म्हाताऱ्या, तुझे ट्रक मी लहानपणी पाहिलेत. सगळी धूळ आमच्या भातात यायची." वडील म्हणाले, "माफ करा बाई, उशीर झाला सांगायला."

साडेबाराला मी, ब्रेट आणि डेला ओढ्याच्या वरच्या अंगाला पोहायच्या डोहाकडे चालत गेलो. वाट पंधरा मिनिटांची आहे. वडिलांचा डावा गुडघा वाकत नाही, म्हणून ते गाडीपाशीच थांबले. किल्ली भिजू नये म्हणून ब्रेटने पुढच्या चाकावर ठेवली होती.

१ वाजून २५ मिनिटांनी परत आलो तेव्हा आमची गाडी नव्हती. मावशींची गाडी तशीच उभी होती, माणसे नव्हती. त्यांचा मुलगा येऊन दोघींना घेऊन गेला असावा, असे आम्हाला वाटले. गाडी वडिलांनी नेली असेल हे आमच्या मनातही आले नाही. परवाना नाही आणि त्या गुडघ्याने क्लच दाबवणार नाही, असे आम्ही धरून चाललो होतो.

ब्रेट रस्त्याने मागे पाहायला गेला. मी पाण्याकडे गेले. पाण्याच्या कडेला, मगरींची सूचना देणाऱ्या पाटीपासून पाचेक पावलांवर, वडिलांची काठी वाळूत उभी रोवलेली होती आणि काठीवर त्यांची टोपी होती.

त्यानंतर २ वाजून ५ मिनिटांपर्यंत काय काय झाले ते मला सलग सांगता येत नाही. ब्रेटच्या सांगण्याप्रमाणे तो परत आला तेव्हा मी कपड्यांसह कमरेइतक्या पाण्यात होते आणि बाहेर यायला तयार नव्हते. डेलाला त्याने पाटीजवळ उभे केले होते. ती मला हाका मारत होती असे ती म्हणते. मला ऐकू आल्याचे आठवत नाही.

२ वाजून ५ मिनिटांनी दक्षिणेकडून किराणा घेऊन येणारा एक ट्रक ओढ्यात उतरला. चालकाचे नाव क्लेम. त्याने आधी मला हाताला धरून बाहेर काढले, मग बोलला. त्याच्याकडे सॅटेलाइट फोन होता. त्यावरून मी वर सांगितलेली खबर दिली. फोन सार्जंट हॅनिगन यांनी घेतला. त्यांनी गाडीचा नंबर विचारला, मी सांगितला. ते म्हणाले, "जरा धरा हं." थोड्या वेळाने म्हणाले, "बाई, ही गाडी मला खिडकीतून दिसतेय. दवाखान्यासमोर उभी आहे. एक म्हातारे गृहस्थ तिची काच पुसतायत."

मी पुन्हा विचारले. त्यांनी पुन्हा सांगितले. फोन मी कोणाच्या हातात दिला ते माहीत नाही.

क्लेमच्या ट्रकमधून आम्ही ३ वाजून ३५ मिनिटांनी इथे आलो. पुढची हकीकत मी स्वतः पाहिलेली नाही. ती वडिलांनी, मावशींनी आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितली.

आम्ही डोहाकडे गेल्यावर दहा मिनिटांत टालिशाला सरपण वेचताना घोट्याला तपकिरी साप, इथला अतिशय विषारी, चावला. मावशींनी चादर फाडून पूर्ण पाय आवळून बांधला आणि तिला हलू दिले नाही. वडिलांनी भोंगा वाजवला. डोहाशी पाण्याच्या आवाजात तो आम्हाला ऐकू आला नाही. दुसरे वाहन नव्हते. वडिलांनी किल्ली घेतली. मुलीला मागच्या सीटवर आडवे ठेवले, मावशींनी तिचा पाय मांडीवर धरला. दोन्ही घाट पार करून ते ५५ मिनिटांत दवाखान्यात पोहोचले. मावशी म्हणाल्या, "पोर झोपल्यासारखी आली. पाळणा तरी जास्त हलतो."

नर्सबाईंनी लगेच औषध सुरू केले. पाय हलला नाही हे फार बरे झाले, असे त्या म्हणाल्या. तीन वाजता हेलिकॉप्टरने टालिशाला केर्न्सच्या इस्पितळात नेले. सोबत गावातून धावत आलेली तिची आई गेली. हा जबाब चालू असताना तिथून फोन आला की मुलगी धोक्याबाहेर आहे आणि आइस्क्रीम मागते आहे. त्या वेळी जबाब काही मिनिटे थांबवावा लागला.

वडील मला दवाखान्याच्या पायरीवर भेटले. म्हणाले, "इतका वेळ? काठी ठेवली होती ना! टोपीसकट! दिसली नाही?"

मी म्हणाले, "पापा, काठी सोडून माणूस कुठे जातो?"

"दवाखान्यात," ते म्हणाले. "येतो परत, असा त्याचा अर्थ. कुणालाही कळेल." मग म्हणाले, "तू का भिजलीस एवढी?"

मी पोहत होते, असे सांगितले. ते खरे नव्हते.

परवाना नसताना गाडी चालवल्याबद्दल सार्जंट साहेबांना वर कळवावे लागेल, हे त्यांनी मला समजावून सांगितले आहे. कशासाठी चालवली तेही ते कळवणार आहेत. परवाना कसा रद्द झाला, हे त्यांनी मला विचारले. वडिलांनी फेब्रुवारीत गाडी मागे घेताना फाटकाला ठोकली, तेव्हा डेला तिथून नुकतीच बाजूला झाली होती. मी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. डॉक्टरांनी पुढे कळवले. चिठ्ठी माझी होती हे मी वडिलांना सांगितलेले नाही. मी केले ते चूक होते असे मला आजही वाटत नाही. त्यांनी आज केले तेही चूक होते असे वाटत नाही. याहून नीट मला सांगता येत नाही.

गाडीबद्दल किंवा कोणाहीबद्दल माझी तक्रार नाही.

हा जबाब सार्जंट साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वडिलांना बाहेर बसायला सांगितले असता त्यांनी नकार दिला व माझ्या शेजारी बसून सर्व ऐकले. पाण्यात उतरल्याचा मजकूर वाचला तेव्हा त्यांनी माझा हात धरला. चिठ्ठीचा मजकूर आल्यावर साहेब थांबले. वडील म्हणाले, "वाचा, वाचा. पण तिथे दुरुस्ती करा. फाटकाला मी दोनदा ठोकली होती. पहिल्या वेळी कुणी घरात नव्हतं."

त्याप्रमाणे दुरुस्ती करून घेतली आहे. आता मजकूर सांगितल्याबरहुकूम आणि पूर्ण आहे.

सही: ओर्नेला पाइक
समक्ष: सार्जंट हॅनिगन
दुरुस्तीपुरती सही: सिल्व्हानो बेल्ट्रामे