नसलेली डच म्हण

ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही, कारण यात चूक माझीच आहे. जपानमधल्या नागोयाच्या आमच्या लॅबमध्ये यान नावाचा एक डच पोस्टडॉक संशोधक होता. बोलता बोलता तो त्यांच्याकडच्या म्हणी इंग्रजीत करून सांगायचा. कधी त्यात माकड असायचं, कधी लोणी, कधी लाकडी बूट. एकदा तो जेवायला नव्हता, तेव्हा मी त्याची नक्कल करत, गाय आणि पवनचक्की जोडून स्वतःच एक म्हण रचली. सगळे हसले. आमचे साठीचे टेक्निशियन ओकादा-सान ('सान' म्हणजे आपलं 'राव') मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातून वही काढून ती म्हण उतरवून घेतली.

"अर्थ काय हिचा?" त्यांनी विचारलं.

"दूर गेलेला मित्र परत येतो," मी ठोकून दिलं.

पुढे यान कायमचा मायदेशी निघाला, त्या दिवशी ओकादा-साननी त्याच्या हातात एक कागद ठेवला. ब्रशनं, सुंदर जपानी अक्षरांत तीच म्हण लिहिली होती. यानने ती अडखळत वाचली.

"तुमच्याच देशाची आहे," ओकादा-सान म्हणाले. "कुलकर्णी-साननी शिकवली."

माझी मान वर होईना. यानने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्यापुढे वाकून म्हणाला, "माझी आई नेहमी म्हणायची ही."

स्टेशनकडे जाताना मी त्याची माफी मागितली.

"माझं जाऊ दे," तो म्हणाला. "त्यांनी हे किती वेळा लिहून पाहिलं असेल?"