सकपाळांच्या देव्हाऱ्यातील पदकाबाबत

जबाब, दिनांक १५ ऑक्टोबर १९८६

नाव चंद्रप्रकाश रामा घाडी, वय २३ वर्षे, धंदा कारखान्यात लेथवर मदतनीस, शिक्षण आठवी पास, राहणार मामांकडे, खोली क्रमांक नऊ, टेंभीपाडा, भांडुप पश्चिम. सध्या मुक्काम कारखान्याच्या शेडमध्ये.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन सांगतो की, रविवार दिनांक ५ ऑक्टोबर रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी मामांच्या खोलीबाहेर स्टुलावर बसून संगिनीच्या चामडी म्यानाला एरंडेल लावत होतो. त्या वेळी आमच्याच चाळीतील खोली क्रमांक चारमधील बाळा तुकाराम सकपाळ हे हवालदारसाहेबांना घेऊन तेथे आले. त्यांच्या आई कृष्णाबाई, वय सुमारे बहात्तर, यांच्या देव्हाऱ्यातील चांदीचे पदक चोरीस गेले असून ते मी नेले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. तीवर '२६४७ सिपाई धाकू उतेकर, मराठा पलटण' असे लिहिलेले होते. कृष्णाबाईंनी देवांमधली जुनी चांदीची वस्तू दिसत नाही म्हटल्यावर शोधताना ती देव्हाऱ्यातल्या कापडाखाली सापडली, व तीवरून ते पदक असल्याचे बाळा यांनी ताडले. बाळा यांनी चाळीसमोर मला विचारले, "हे अक्षर तुझंच ना रे?" मी होय म्हणालो.

मला जुनी लष्करी पदके, बिल्ले व गणवेश जमवण्याचा नाद पाच वर्षांपासून आहे. भंगारवाले व जुन्या सामानाची दुकाने यांच्याकडून मी पैसे देऊन वस्तू घेतो. माझ्या पत्र्याच्या पेटीत सहा पदके, पितळी बटणांचा एक खाकी कोट, पट्ट्याचे चार बक्कल व टोक मोडलेली एक संगीन होती. संगिनीला धार नाही. ती पेटी त्या दिवशी जप्त झाली व मला पावती मिळाली. पेटीत सकपाळांचे पदक मिळाले नाही. त्यावर बाळा म्हणाले की, विकले असेल.

चिठ्ठीबाबत विचारता सांगतो की, गेल्या मे महिन्यात बाळा व त्यांची पत्नी सुहासिनी लग्नास गेले असता कृष्णाबाईंनी मला घरी बोलावले. मी पदके वाचतो, असे त्यांनी चाळीत ऐकले होते. त्यांनी देव्हाऱ्यातून देवांचे दोन टाक बाजूला करून त्यांच्यामधून पदक काढले. एका बाजूस घोडेस्वार होता. दुसऱ्या बाजूचा राजाचा चेहरा चिंचेने घासून घासून सपाट झाला होता. वर रिबिनीसाठी असते ती आडवी दांडी शाबूत होती. पहिल्या महायुद्धाच्या अशा पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव व पलटण ठोकलेली असते. मी भिंगातून इंग्रजी अक्षरे वाचली. कृष्णाबाई म्हणाल्या, "परत वाच की रं." मी परत वाचले. मग त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला सांगितले.

धाकू उतेकर हे त्यांचे वडील. त्या पाळण्यात असताना ते बसऱ्याला लढाईत गेले व परत आले नाहीत. कडेवर राजाचे नाव असावे, असे कृष्णाबाईंना तोवर वाटत होते. त्यांना भाऊ नाही. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी पदक आणून सासरच्या देवांत ठेवले. हे त्यांनी सासू, नवरा व मुलगा यांपैकी कोणास सांगितले नव्हते, कारण सासरच्या देवांत माहेरचा माणूस बसवला, असे झाले असते. त्यांनी मला नाव मराठीत लिहून मागितले. मी लिहून दिले व कोणास न सांगण्याचे कबूल केले. पदकाची किंमत मी विचारली नाही. मनात आले होते, ते नाकारत नाही.

५ ऑक्टोबर रोजी मला सकपाळांच्या खोलीत नेले, तेव्हा कृष्णाबाई देव्हाऱ्यापाशी बसल्या होत्या. गणपतीला गावी जाऊन त्या आदल्या दिवशीच परतल्या होत्या. हवालदारसाहेबांनी चिठ्ठीबद्दल विचारले असता त्या म्हणाल्या, "म्हातारीला काय ठावं." त्या समईची वात सारखी करत होत्या. मीही त्या वेळी काही सांगितले नाही. सुहासिनी यांनी चहा आणला. आम्ही तिघे पुरुष होतो. कप दोन होते.

त्या संध्याकाळी मामांनी मला सांगितले, "नाव साफ करून घे, मगे घरात ये." शेवंतीमामींनी माझे अंथरूण गुंडाळून दारात ठेवले होते. तेव्हापासून मी शेडमध्ये झोपतो.

प्रथम माझा संशय घाटकोपर येथील जुन्या सामानाचे दुकानदार चंदूभाई यांच्यावर गेला. सप्टेंबर अखेरीस ते मला म्हणाले होते, "घोडावाला चांदीचा आला आहे, बघायला ये." मी दिनांक ९ रोजी तेथे गेलो. ते पदक कागदात गुंडाळून काउंटरखाली ठेवलेले होते व चंदूभाई त्याच्या कडेला हात लावू देत नव्हते. त्यामुळे संशय वाढला. मी रक्कम भरल्यावर ते हातात मिळाले. बाहेर येऊन भिंगातून पाहिले. नाव मद्रासकडील तोफखान्याच्या कोणा गोलंदाजाचे होते व नंबरही वेगळा होता. चंदूभाई विकलेला माल परत घेत नाहीत. त्यांच्यावर माझा आता संशय नाही.

दुसरा संशय मला फिर्यादी बाळा यांच्यावरच आला होता. त्यांनी फिर्यादीत पदकाचे वजन अडीच तोळे व थोडे जास्त, असे सांगितले आहे. हे वजन बरोबर आहे. परंतु घरातले देव कोणी तोलून पाहत नाही. दिनांक १० रोजी नळावर भेटले असता मी त्यांना विचारले की, वजन तुम्हाला कसे माहीत. ते म्हणाले, "हिने सांगितलं. तू कोण रे मला विचारणारा, चोर तो चोर आणि वर वकील."  चांदी तोलतो तो सोनार, एवढे माझ्या लक्षात आले. पाच तारखेस देव्हाऱ्यातील दोन्ही टाक नवे व चकचकीत होते, हेही आठवले. नवरात्र बसण्याआधी झिजलेले टाक मोडून नवे करून घेण्याची त्यांच्यात रीत आहे.

भांडुपातील आमच्या भागातले लोक या कामासाठी नाना सोनार यांच्याकडे जातात. मी दिनांक ११ रोजी त्यांना भेटलो. नानांनी काही लपवले नाही. गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावर, पितृपक्ष लागण्याआधी सकपाळांची सून तीन जुने टाक रुमालात बांधून घेऊन आली होती. नानांनी प्रत्येक टाक वेगळा तोलून तिला वजन सांगितले होते. त्यांत एक देवी, एक खंडोबा व आणखी एक घोडेस्वार होता. सकपाळांचे कुलदैवत जेजुरीचे. घोड्यावरचा स्वार म्हणजे खंडोबाच, असे सुहासिनी यांना वाटले व नानांनाही तसेच वाटले. एका देवाचे दोन टाक एका देव्हाऱ्यात ठेवू नयेत, म्हणून नानांनीच सुचवले की दोन्ही आटवून एक जाड खंडोबा करू.

नाना मला म्हणाले, "अरे, तो दुसरा खंडोबा उघडाबंब होता. अंगावर चिंधी नाही, शेजारी म्हाळसा नाही, आणि घोड्याखाली कुत्र्याच्या जागी कवटी. मी म्हटलं, कुठल्या सोनाराने देवाची ही दशा केली? मी नीट कपडे घातले, म्हाळसा बसवली."

मी त्यांना सांगितले की, तो देव नव्हता, इंग्रज सरकारचे पदक होते. नानांनी फुंकणी खाली ठेवली. नंतर त्यांनी मोडीचा डबा उपडा केला. जोडाची चांदी हलकी असते म्हणून आटवण्याआधी त्यांनी वरची दांडी कापून त्यात टाकली होती. दांडीबरोबर कडेचा नखाएवढा तुकडा आला आहे. त्यावर २ व ६ हे आकडे भिंगाने वाचता येतात. कडेवरचा मजकूर दांडीपासूनच सुरू होतो व पदकाचा नंबर २६४७ होता. यावरून ती दांडी त्याच पदकाची आहे, अशी माझी खात्री आहे. मी ती नानांकडून चांदीच्या भावाने विकत घेतली.

दिनांक १३ रोजी दुपारी बाळा कामावर असताना मी सकपाळांकडे गेलो. दार सुहासिनी यांनी उघडले. माझ्या तळहातावरची दांडी पाहून त्या मोरीत गेल्या व नळ सोडला. बादली भरून वाहू लागल्याचा आवाज येत होता. कृष्णाबाईंनी दांडी हातात घेतली, ओळखली व विचारले, "बाकीचा कुठं हाय?"

मी देव्हाऱ्याकडे पाहिले. त्यांनीही पाहिले. नवरात्र नुकतेच उठले होते. खंडोबाला भंडारा लावलेला होता.

त्या म्हणाल्या, "म्हंजी ह्यांच्या खंडोबात गेला व्हय?"

मी हो म्हणालो.

त्या म्हणाल्या, "मग आता कोण काढतंय त्याला." नंतर त्यांनी मला बसायला पाट दिला. ठाण्यात काय सांगायचे ते सांग, पण बाळ्याला यातले काही कळू देऊ नको, असे त्या म्हणाल्या. मोरीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "सुहास, नळ बंद कर, पाणी जातंय. ह्याला चहा टाक." सुहासिनी यांनी चहा आणला. त्या दिवशी कप तीन होते.

कृष्णाबाई पाच तारखेस का बोलल्या नाहीत, याबद्दल मला काही म्हणायचे नाही. सुहासिनी यांच्याबद्दलही नाही. त्यांनी देव समजून देव दिले होते.

माझी विनंती अशी की, नाना सोनार यांना विचारून खात्री करून घ्यावी. फिर्यादीस इतकेच सांगावे की, चोरी झालेली नाही व वस्तू घरातच आहे. माझी पेटी परत मिळावी. संगीन ठेवून घेतली तरी चालेल. माझ्यावर संशय राहिलेला नाही, अशी एक ओळ मामांना दाखवण्यासाठी मिळावी. दांडी मी आज दाखवण्यापुरती आणली आहे. ती मुद्देमालात धरू नये, मला कृष्णाबाईंना परत न्यायची आहे.

खर्च झाला तो असा. चंदूभाईंना दोनशे पंचवीस रुपये, नाना सोनारांना दांडीचे दहा रुपये. पैकी कारखान्यातील जयंती पटेल यांचे दीडशे रुपये देणे आहे. माझे कोणाकडेही काही येणे नाही.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवण्यात आला, तो मी सांगितल्याप्रमाणे खरा आहे. धाकू हे नाव एके ठिकाणी चुकीचे उतरले होते, ते मी नीट करून बाजूला सही केली आहे. हा जबाब फिर्यादीस वाचून दाखवू नये.

सही
चंद्रप्रकाश रामा घाडी