आत्याचा पिच्चर

आमच्या टेंभुर्णीच्या आत्याची मजा सांगतो. कानाशी ओरडल्याशिवाय तिला काही ऐकू यायचं न्हाई, पण गणपतीत भाड्याचा व्हिडिओ आला की सगळ्यात पुढं बसायची. सारखी मला विचारायची, "काय म्हणला रे तो?" मी तिच्या कानात ओरडून सांगायचो, आन् मंडळाचा अध्यक्ष मागून तिच्या दुसऱ्या कानात खेकसायचा, "आत्या, पिच्चर बघा, मधी बोलू नका!"

एका वर्षी मी भोकरदनहून कॅसेट आणली, तर दुकानदारानं घाईत भलतीच दिल्ती. जुना, मुक्या जमान्यातला विनोदी पिच्चर! पब्लिक ओरडून राह्यलं, "आवाज! आवाज!" आम्हाला वाटलं टीव्ही बिघडला. मी मागं घुसून वायरी हलवतोय, अध्यक्ष वरून थपडा मारतोय, आन् सगळं गाव आमच्याकडं बघून राह्यलंय.

तेवढ्यात आत्या खदखदून हसली. टीव्हीत एक जाडा हवालदार शिडीवरून थेट रंगाच्या पिंपात पडल्ता, आन् ते फक्त तिनंच पाह्यलं.

अध्यक्ष तिच्या कानाशी वाकून ओरडला, "आत्या, काय झालं?"

आत्यानं टीव्हीवरची नजर काढली न्हाई. "पिच्चर बघ," म्हणली, "मधी बोलू नको!"