कपाटातलं वायफाय

...आणि वायफाय स्लो म्हणजे किती स्लो, तर मुलीचा ऐन इंटरव्ह्यू चालू असताना स्क्रीनवरचे तिन्ही साहेब जागच्या जागी गोठले, त्यातल्या एकाचं तर तोंड उघडंच राहिलं! मुलगी लॅपटॉप उचलून दाराबाहेर पळाली. तुम्हाला सांगतो, माझं डोकंच फिरलं. वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर दिवसभर मोबाइलवर जुनी गाणी बघतात, ती कशी कधी अडकत नाहीत? आमचंच नेट ओढत असणार, दुसरं काय? लाज वाटते सांगायला, पण सांगतो... मी तरातरा वर गेलो आणि त्यांच्या दारातच आवाज चढवला, "मास्तर, जन्मभर पोरांना शिकवलंत, आणि आता शेजाऱ्याचं नेट चोरता?"

मास्तर ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "अहो, हळू."

"हळू का? कळू दे की सगळ्यांना."

"आत तुमची मुलगी बसलीये. इंटरव्ह्यू चाललाय तिचा. माझ्या वायफायवर."

आणि तेवढ्यात आतून, अजिबात न अडकता, साहेबांचा आवाज आला, "मॅडम, तिकडे भांडण चाललंय का?"

"नाही सर," मुलगी म्हणाली, "बाबा आहेत."

लाज वाटते सांगायला, पण पुढचं ऐका... दुसऱ्या दिवशी नेटवाला आला. "काका, राउटर कुठाय?" आता काय सांगणार? आठ वर्षांचा जुना राउटर, धूळ बसू नये म्हणून मी लोखंडी कपाटात ठेवलेला, चादरींच्या मागे, वर कुलूप. तो बघतच राहिला. "काका, लोखंडातून सिग्नल बाहेर येणार कसा?" त्याने तो काढून घराच्या मधोमध उंच फळीवर ठेवला, सेटिंगमध्ये चॅनेल बदललं, आणि स्पीड चौपट. म्हणाला, "जुना आहे, पण याचा काही दोष नाही."

"दोष कोणाचा ते माहितीये आम्हाला," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

मग माफी मागायला वर गेलो. दारातच चपला काढत-घालत उभा राहिलो. मास्तरांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, आणि हळूच विचारलं, "पासवर्ड हवाय का?" लाज वाटते सांगायला... मला रडूच आलं हो.

नोकरी लागली मुलीला. साहेब म्हणाले, हवं तर घरून काम करा. ती म्हणाली, "नको सर, मी ऑफिसलाच येते."

आता घरात नेट नुसतं सुसाट आहे... आणि वापरायला मी एकटा.